लॅपटॉप लावून बाईकचं इंजिन ट्यून करणं: मुक्ताईनगरच्या ४५ अंशांत हा हिशेब कसा बसतो?

सीट काढलेली बाईक, शेजारी स्टुलावर लॅपटॉप, स्क्रीनवर रंगीत चौकटींचा तक्ता आणि शेवटी हायवेवर स्पीडोमीटरचा काटा वर चढतानाचा व्हिडिओ. ‘रेमॅप मारलं आणि गाडी उडायला लागली’ असल्या रील्स आता सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. मग मुक्ताईनगर, बोदवड, रावेर पट्ट्यातल्या पोरांनाही साहजिकच प्रश्न पडतो: आपल्या एमएच-१९ पासिंगच्या गाडीवर हे घरी करता येईल का?

करता येतं. सॉफ्टवेअर मिळतं, केबल मिळते, यूट्यूबवर शिकवणारेही ढीगभर आहेत. अडचण वेगळीच आहे. कंपनी गाडीचं सेटिंग करताना थोडी राखीव जागा सोडते. कडक ऊन, हलकं पेट्रोल, चढ, डबलसीट, कोंदलेला एअर फिल्टर, यातलं काहीही आलं तरी इंजिन टिकावं म्हणून. घरगुती ट्यूनिंगमध्ये बहुतेक वेळा याच राखीव जागेतून ताकद काढली जाते. आणि मे महिन्यात ज्या भागात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे ती राखीव जागा रोजच्या वापरात लागते.

स्क्रू गेला, तक्ता आला

कार्बोरेटरच्या जमान्यात ट्यूनिंग म्हणजे मिस्त्रीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर. गाडी स्लोवर ठेवायची, स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवायचा, आवाज ऐकायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. विटकरी रंग आला की काम झालं. या पद्धतीवर खान्देशातल्या गॅरेजांनी लाखो गाड्या सुरळीत चालवल्या आहेत.

भारतीय मोटरसायकलवर फ्युएल इंजेक्शन तसं लवकर आलं होतं. २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय. पण गाडी महाग पडत होती. गंमत म्हणजे २००९ मध्ये बजाजने पल्सर २२० मधून इंजेक्शन काढून पुन्हा कार्बोरेटर बसवला आणि ती गाडी तुफान खपली.

खरा बदल झाला तो १ एप्रिल २०२० ला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून टाकलं होतं की या तारखेपासून देशात बीएस-४ गाडी विकता येणार नाही. बीएस-६ च्या मर्यादा साध्या कार्बोरेटरला पाळता येण्यासारख्या नव्हत्या. त्यामुळे मोजके अपवाद सोडले तर स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत सगळ्या गाड्यांत इंजेक्टर आला आणि त्याला हुकूम देणारी एक डबी आली. ती डबी म्हणजे ईसीयू, इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर. स्क्रूची जागा एका तक्त्याने घेतली, आणि तो तक्ता बघायला लॅपटॉप लागतो.

ही डबी करते काय?

इंजिनाला वेगवेगळ्या जागी सेन्सर बसवलेले असतात. क्रँक किती वेगाने फिरतोय, ॲक्सिलरेटर किती पिळलाय, आत येणारी हवा किती गरम आहे, तिचा दाब किती, इंजिन किती तापलंय आणि सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन उरलाय का, ही सगळी माहिती ईसीयूकडे येते. त्यावरून ती दोन गोष्टी ठरवते: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि प्लगची ठिणगी नेमकी कधी पाडायची.

वेळ किती? इंजिन ६,००० आरपीएमवर असेल तर फोर-स्ट्रोकचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. तेवढ्यात इंजेक्टर काही मिलिसेकंदांसाठी उघडून बंद झालेला असतो. इतक्या घाईत सगळं गणित नव्याने मांडायला वेळ नसतो, म्हणून उत्तरं आधीच तक्त्यात भरून ठेवलेली असतात. यालाच ‘मॅप’ म्हणतात. उभ्या बाजूला ॲक्सिलरेटर किंवा हवेचा दाब, आडव्या बाजूला आरपीएम, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. १६ उभ्या आणि १६ आडव्या ओळी धरल्या तर एका मॅपमध्ये २५६ चौकटी झाल्या. ठिणगीचा मॅप वेगळा. त्याशिवाय गार इंजिनासाठी, गरम हवेसाठी, ॲक्सिलरेटर अचानक पिळला तर काय करायचं यासाठी दुरुस्त्यांचे छोटे तक्ते असतात ते निराळेच.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. निवांत चालताना ईसीयू या आकड्याच्या आसपास राहते, कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच नीट काम करतो. पूर्ण रेस दिली की मात्र मिश्रण मुद्दाम घट्ट केलं जातं, साधारण १२.५ ते १३ पर्यंत. जास्तीचं पेट्रोल ताकद वाढवतं आणि इंजिनाला आतून थंडही ठेवतं.

यातली एक बारीक गोष्ट पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ आहे. निवांत चालताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकते आणि पेट्रोल कमी-जास्त करत राहते. पूर्ण रेसवर ती त्याच्याकडे बघतच नाही, सरळ मॅपमधला आकडा उचलते. म्हणजे कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा लावला, एअर फिल्टर बदलला, हवा जास्त शिरायला लागली, तर हळू चालताना काही जाणवणार नाही. पूर्ण रेसवर मात्र पेट्रोल कमी पडेल, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

घरी ट्यूनिंगचे तीन रस्ते

पहिला रस्ता पिगीबॅकचा. कंपनीच्या ईसीयूला हात न लावता सेन्सर आणि इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये आणखी एक डबी बसवायची. ईसीयूने दिलेला हुकूम ती डबी वाटेत थोडा बदलून पुढे पाठवते. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचा पॉवरट्रॉनिक हा भारतातला याचा सगळ्यात परिचित नमुना. परदेशात डायनोजेटचा पॉवर कमांडर. कपलर जोडायचे, लॅपटॉपवरून मॅप टाकायचा आणि नको वाटलं तर कपलर काढून गाडी पूर्ववत करायची. घरी करणाऱ्यासाठी हाच त्यातल्या त्यात माफक धोक्याचा मार्ग.

दुसरा रिफ्लॅश. यात ईसीयूच्या मेमरीतलीच फाईल वाचून, बदलून, पुन्हा लिहितात. ट्युनईसीयूसारखी सॉफ्टवेअर ट्रायम्फ आणि केटीएमच्या काही मोठ्या गाड्यांवर चालतात. १०० ते १६० सीसीच्या भारतीय गाड्यांसाठी असं तयार, भरवशाचं काही सहसा नसतं. इंटरनेटवर फिरणारी फाईल कोणत्या गाडीची, कोणत्या सालची, कुणी कुठे मोजून बनवलेली, हे कळायला मार्ग नसतो.

तिसरा रस्ता म्हणजे कंपनीची ईसीयू काढून पूर्ण वेगळी बसवायची. अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांची मेगास्क्वर्ट आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्ट यांची आर्डुइनोवर चालणारी स्पीडुइनो ही यातली गाजलेली नावं. दोन्हींसाठी ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरतात. स्पीडुइनोचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्यांना शिकायला याहून चांगलं साधन नाही. पण यात सगळे २५६ आकडे तुमचे तुम्हाला भरावे लागतात. रोज कॉलेजला किंवा शेतात जायच्या गाडीवर हा प्रयोग म्हणजे निम्मा वेळ बस शोधण्यात.

मोजणी नसेल तर ते ट्यूनिंग नव्हे

रीलमध्ये एक वस्तू क्वचितच दाखवतात: वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. गाडीत कंपनीने दिलेला सेन्सर बहुधा नॅरोबँड असतो. तो फक्त ‘पेट्रोल जास्त’ किंवा ‘पेट्रोल कमी’ एवढंच सांगतो, किती जास्त किंवा किती कमी ते नाही. पूर्ण रेसवर १२.८ आहे की १३.८, हे त्याला कळत नाही, आणि इंजिनाचं आयुष्य याच फरकावर अवलंबून असतं. वाइडबँड नेमका आकडा देतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा यातला सर्रास वापरला जाणारा सेन्सर. तो बसवायला सायलेन्सरच्या बेंड पाईपला भोक पाडून नट वेल्ड करावा लागतो, आणि त्यासाठी मीटर वेगळं लागतं.

मोजलं की गणित सोपं आहे. समजा ७,००० आरपीएम आणि पूर्ण रेसच्या चौकटीत ६० हा आकडा आहे. मीटर १४.२ दाखवतंय आणि हवं आहे १३. तर ६० गुणिले १४.२ भागिले १३, म्हणजे ६५.५. हा नवा आकडा. पण एकदम ६५.५ लिहायचं नसतं. आधी ६२-६३, पुन्हा गाडी चालवून नोंद, मग पुढचा बदल. शेजारच्या चौकटींशी आकडा जुळला पाहिजे, नाहीतर रेस वाढवताना मधेच गचका बसतो.

ठिणगीचा मॅप घरी बदलण्याचा विचार सोडलेलाच बरा. पेट्रोल थोडं जास्त झालं तर ॲव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, एवढंच. ठिणगी दोन-तीन अंश लवकर पडायला लागली तर पिस्टनला भोक पडू शकतं. ताकद नेमकी किती अंशांवर सर्वाधिक येते, हे डायनो नावाच्या रोलरच्या यंत्रावर गाडी चढवूनच कळतं. ते यंत्र नाही म्हणून वरणगाव ते मलकापूरच्या महामार्गावर लॅपटॉप बॅगेत घालून पूर्ण रेसच्या फेऱ्या मारणारे असतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्रंदिवस सुरत ते कोलकाता ट्रक पळत असतात, मधेच केळीच्या गाड्या वळतात, कापसाचे ट्रॅक्टर बिनलाईटचे येतात. ट्यूनिंगची चाचणी घ्यायची ती जागा नव्हे.

उन्हाचा हिशेब

मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, तापी-पूर्णेच्या खोऱ्यात. समुद्रसपाटीपासून उंची फार नाही, त्यामुळे उंचीची अडचण इथे येत नाही. येते ती तापमानाची. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४५ ओलांडतो. हवा तापली की विरळ होते. १० अंशांच्या हवेच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ११ टक्के हलकी असते. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमध्ये तेवढा कमी ऑक्सिजन शिरतो. मुक्ताईनगरची गाडी घेऊन तोरणमाळला चढलात तर उंचीमुळे जवळपास एवढाच फरक पडतो. इथे तो घरबसल्या, नुसतं कॅलेंडर पुढे सरकल्याने पडतो.

यामुळे ताकद ढोबळमानाने पाच-सात टक्के कमी होते. ‘उन्हाळ्यात गाडी ओढत नाही’ ही तक्रार त्यामुळे अगदी खरी आहे, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही.

खरा धोका नॉकिंगचा. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जायला हवी. पण आत शिरणारी हवाच तापलेली, इंजिन तापलेलं, त्यात पेट्रोल कमी आणि ठिणगी लवकर, असं सगळं जुळून आलं तर ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. बाहेरून टिणटिण असा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज मिनिटभर ऐकू आला आणि गेला तर नशीब. चालूच राहिला तर आधी पिस्टनची कड झिजते, मग रिंग जाते, आणि शेवटी इंजिन सीज. मोठ्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो ठिणगी आपोआप मागे घेतो. बहुतेक छोट्या बाईकमध्ये तो नसतो. त्यात १००-१२५ सीसीची इंजिनं बहुतेक एअर कूल्ड. दुपारी दोन वाजता, मागे माणूस आणि मधे खताची गोणी घेऊन, शेतरस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये चाललेल्या गाडीला गार करायला वारा कुठून मिळणार?

कंपनीच्या मॅपमध्ये यासाठी सोय असते. हवा ठरावीक अंशांच्या वर तापली की ठिणगी मागे घ्यायची, इंजिन तापलं की पेट्रोल थोडं वाढवायचं. डिसेंबरच्या गार सकाळी बेंगळुरूत किंवा पुण्यात कुणीतरी मोजून बनवलेला मॅप व्हॉट्सॲपवर आला आणि तो टाकला, तर डिसेंबरात तो मुक्ताईनगरलाही झकास चालेल. खरी परीक्षा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास.

ऑनलाइन मिळणारी ‘परफॉर्मन्स चिप’

काहीशे रुपयांत ‘दहा टक्के पॉवर वाढवा’ म्हणून एक छोटी डबी विकली जाते. हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढून तिथे ती खोचायची. उघडून पाहिली तर आत बहुधा एक रेझिस्टर निघतो, रुपया-दोन रुपयांचा. या सेन्सरचा स्वभाव असा की हवा गार असेल तर त्याचा रोध वाढतो. रेझिस्टर लावला की ईसीयूला कायम वाटतं, बाहेर मस्त थंडी आहे. थंड हवा म्हणजे दाट हवा, म्हणून ती पेट्रोल वाढवते. पिकअप जरा बरा वाटतो, ॲव्हरेज पडतं.

इथवर नुकसान खिशाचं. पण तीच ईसीयू हवा गार समजून ठिणगी मागे घ्यायचंही सोडून देते. बाहेर ४५, ईसीयूच्या हिशेबी १५. उन्हाळ्यात गाडी वाचवायला ठेवलेला पहारेकरीच झोपवून टाकल्यासारखं झालं. अशी चिप लावलेली असेल तर आजच काढून जुना कपलर बसवा.

ई-२० आल्यावर काय बदललं?

ट्यूनिंगच्या चर्चेत आता पेट्रोलही आलं आहे. पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळायला लागल्यापासून ‘गाडी रेमॅप करून घ्या’ असा सल्ला सोशल मीडियावर फिरतो. त्यात किती तथ्य?

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: १ ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅम. त्यामुळे ई-२० चा आकडा १४.७ वरून साधारण १३.५ वर येतो. सरळ अर्थ असा की तेवढ्याच हवेत आधीपेक्षा जास्त इंधन सोडावं लागतं. बीएस-६ गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हे बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळून घेते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते कळत नाही, तिथे मिश्रण पातळ होतं. मिस्त्रीने जेट एक नंबर मोठा टाकणं किंवा स्क्रू थोडा उघडणं, हा तिच्यासाठीचा खराखुरा ‘रेमॅप’.

इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० वर बसवलेल्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली होती. ही घट इंधनातली आहे. सॉफ्टवेअर बदलून ती भरून निघत नाही. इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे: त्यामुळे ऑक्टेन वाढतं आणि नॉकिंग उशिरा येतं. पण त्या भरवशावर ठिणगी पुढे ओढून ठेवली आणि एखाद्या पंपावर मिश्रण वेगळं निघालं, तर पुन्हा तीच टिणटिण.

घरी मोजणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. वाइडबँड मीटर पेट्रोलच्या पट्टीवर आकडे दाखवतं, टाकीत मात्र ई-२० असतं. म्हणून १४.७, १३ या भाषेऐवजी ‘लॅम्डा’ वाचावा. पूर्ण जळण म्हणजे १, आणि पूर्ण रेसवर ०.८८ च्या आसपास. इंधन कोणतंही असलं तरी हे आकडे बदलत नाहीत.

ताकद वाढते किती?

स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद सुमारे ८ पीएस. समजा अगदी निष्णात माणसाने डायनोवर बसवून ५ टक्के वाढवले, तर मिळाले ०.४ पीएस. मे महिन्याचं ऊन याहून जास्त काढून घेतं. चेनला तेल घालून, हवा बरोबर भरून आणि घासणारा ब्रेक सैल करून जो फरक जाणवतो, तो यापेक्षा कमी नसतो.

केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाडीत चित्र वेगळं. २०२३ पर्यंतच्या मॉडेलात ३७३ सीसी, ४३ पीएसच्या आसपास, उंच कॉम्प्रेशन, पाण्याने गार होणारं इंजिन. इथे मॅप बदलून कमी आरपीएमवरचा गचका कमी होतो, रेस देताना गाडी मऊ वागते. आकडा फार वाढत नाही, पण चालवायला बरं वाटतं. ट्यूनिंग करून घेणारे जाणकार याच कारणासाठी पैसे मोजतात.

याच इंजिनावर कायदेशीर, मोकळेपणाने आणि शिस्तीत ट्यूनिंग शिकायची एक जागा आहे. कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग कार घेऊन उतरतात, पुण्या-मुंबईचे संघही जातात. यातल्या अनेक संघांच्या कारमध्ये पुण्याजवळच्या चाकणला बनणारं ३९० चं इंजिन असतं. पेट्रोल इंजिनासाठी नियम असा की सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून आत गेली पाहिजे. त्यामुळे कंपनीचा मॅप निकामी होतो आणि पोरांना पहिल्या चौकटीपासून सगळं बसवावं लागतं. जळगाव-धुळ्याच्या डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या ज्या विद्यार्थ्याला ईसीयूचं खरंच वेड आहे, त्याने कॉलेजात अशी टीम शोधावी किंवा काढावी.

आरटीओ, पीयूसी, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सही जातं.

ट्यूनिंगची उत्पादनं ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं लिहून विकली जातात ते यामुळेच. चेन्नई, कोईम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर चालवा, कुणी अडवत नाही.

‘पीयूसी तर पास झाली’ हा युक्तिवाद नेहमी होतो. दुचाकीची पीयूसी गाडी स्लोवर ठेवून घेतात. मॅपमधले बदल असतात वरच्या आरपीएमला आणि पूर्ण रेसला. त्यामुळे मॅप पार बिघडलेला असला तरी पीयूसी पास होऊ शकते. त्यावरून मॅप बरोबर आहे असं ठरत नाही. वॉरंटीचं सांगायलाच नको: सर्व्हिस सेंटरला वायरिंगमध्ये उपरी डबी दिसली की इंजिनाचा खर्च मालकाचा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, तो भाग वेगळाच.

मग लॅपटॉपचा काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि चांगला आहे. लिहायला नाही, वाचायला.

बीएस-६ गाडीच्या सीटखाली किंवा साईड पॅनेलमागे निदानाचा कपलर असतो, बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचा आणि लाल. त्याला जोडायची ॲडॅप्टर केबल आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, बाकी काम मोबाईलचं ॲप करतं. एप्रिल २०२३ पासून दुचाकींना ओबीडी-२ चा पहिला टप्पा लागू झाला आणि एप्रिल २०२५ पासून दुसरा, त्यामुळे नव्या गाड्या स्वतःबद्दल बरंच काही सांगतात. २०२०-२१ च्या काही गाड्या फक्त कंपनीच्याच यंत्राशी बोलतात, त्यामुळे स्कॅनर घेण्याआधी आपल्या मॉडेलवर तो चालतो का, हे विचारून घ्यावं.

काय बघायचं? पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी कोड लिहून ठेवायचा, लगेच पुसून टाकायचा नाही. मग सकाळी गाडी सुरू करायच्या आधी हवेचं आणि इंजिनाचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी असली पाहिजेत. एक २८ आणि दुसरं ६० दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायर गेली. ॲक्सिलरेटर हळूहळू पिळताना टक्केवारी सलग वाढते का, की मधेच उडी मारते? उडी मारत असेल तर तिथेच गाडी झटके देत असणार.

सगळ्यात बोलका आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम: ईसीयू मॅपपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवते किंवा कमी करते ते. चार-पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. सतत दहाच्या पुढे वाढवत असेल तर कुठेतरी उपरी हवा शिरते आहे, इंजेक्टर कचऱ्याने तुंबला आहे किंवा पेट्रोल पंपाचा दाब कमी पडतो आहे. उलट सतत कमी करत असेल तर एअर फिल्टर बघा. शेतरस्त्यांच्या आणि कापसाच्या हंगामातल्या धुळीत कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच फिल्टर कोंदतो.

म्हणजे ‘पिकअप नाही, रेमॅप करू’ म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा आजार फिल्टर, थ्रॉटल बॉडी, प्लग किंवा टॅपेटमध्ये निघेल. स्कॅनरचे आकडे कागदावर लिहून नेले तर गावातला मिस्त्रीही अंदाजावर न जाता थेट त्या जागी हात घालेल.

तरी करायचंच असेल तर

मूळ फाईल आधी वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावी. ती नसेल तर मागे फिरायची वाटच बंद. रिफ्लॅश चालू असताना गाडीची बॅटरी उतरली, केबल हलली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर ईसीयू अर्धवट लिहिली जाते आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून बाईकची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, लॅपटॉपचीही. भर उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली आणि काम अर्ध्यावर राहिलं, हे इथे नवलाचं नाही. गाडी बंद खोलीत किंवा शटर ओढून चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. मॅप गार दिवसात बसवला असेल तर एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजावा आणि टिणटिण ऐकू आली तर तिथल्या तिथे रेस सोडावी.

जुनी गाडी घेताना

पुणे, नाशिक, सुरतकडून खान्देशात येणाऱ्या सेकंडहँड स्पोर्ट्स बाईकमध्ये आधीच्या मालकाने काय केलंय, हे कागदावर दिसत नाही. सीट काढून बॅटरीच्या आजूबाजूला बघा. कंपनीच्या काळ्या टेपऐवजी वेगळ्या रंगाची टेप, मधेच जोडलेले कपलर किंवा नाव खरवडलेली डबी दिसली तर ती पिगीबॅक आहे. बेंड पाईपला वेल्ड केलेला जास्तीचा नट आणि त्यावर बोल्ट असेल तर कधीकाळी वाइडबँड बसला होता. म्हणजे निदान मोजून काम झालं असावं. सायलेन्सर मोकळा आहे पण असा नट नाही, डबीही नाही, तर ती गाडी पूर्ण रेसवर पातळ मिश्रणावर पळालेली असू शकते. अशा गाडीचा प्लग काढून रंग बघा आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. मूळ सायलेन्सर आणि मूळ मॅपची फाईल मालकाकडे आहे का, हेही भाव ठरवायच्या आधी विचारा.